मूळ पाठ कोणता? : एका फटफटीच्या निमित्ताने

यंदाच्या दिवाळी अंकासाठी एखाद्या नव्या कादंबरीचे परीक्षण लिहावे, अशी संपादकांची सूचना होती आणि मी ती मान्यही केली होती. परंतु गेल्या वर्षभरात ज्या कृतीपाशी माझे वारंवार जाणे झाले, जिच्याविषयी मी स्वतःशी आणि इतरांशी वाद घातले, आणि जिच्यामुळे माझ्याच एका पुस्तकाकडे मला ओशाळून पाहावे लागले, ती कृती कादंबरी नव्हे. बुधवार पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली उभी असलेली ती एक जुनी फटफटी आहे. संपादकांना मी तसे कळवले. ‘टीकालेख असला म्हणजे झाले,’ असे त्यांचे उत्तर आले. तेव्हा हा टीकालेखच आहे, एवढे वाचकांनी धरून चालावे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि मुलांपुढे फळ्याशी उभे राहून घालवलेली वर्षे, एवढ्याच भांडवलावर मी लिहीत आलो. परिभाषा कुठे घसरली, तर विद्वानांनी ती सावरून घ्यावी.

विजेच्या सामानाच्या दुकानांनी गजबजलेल्या तपकीर गल्लीपासून हा वाडा हाकेच्या अंतरावर आहे. बोळ इतका अरुंद, की मोटार आत येण्याची कल्पनाही कोणी करू नये. या वाड्यात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याचे वडील गेल्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांची गाडी त्यांच्या हयातीतच बंद पडून जिन्याखाली गेली होती आणि एकवीस वर्षे तिथेच होती. तिच्यावर पोती पडली, सायकली टेकल्या, गणपतीचे मखर ठेवले गेले. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केले. वाडा लवकरच पाडायचा असे ठरू लागले, तेव्हा भंगारवाला येऊन किंमत सांगून गेला. त्या रात्री या मुलाने पोती बाजूला केली.

ही गाडी साधी नव्हे. तिच्या टाकीवर ‘राजदूत’ असे नाव असले, तरी दूध घालणाऱ्यांकडे आपण पाहिलेली राजदूत ती ही नव्हे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७३ साली आर. डी. ३५० नावाची एक चपळ गाडी काढली. तिच्या आधारे फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून आपल्याकडे राजदूत ३५० काढली. दोन सिलिंडर, ३४७ सी. सी., सहा गिअर आणि पहिल्या गाड्यांत तीसहून थोडी अधिक अश्वशक्ती. त्या काळच्या बुलेटची ताकद हिच्या निम्म्याहून थोडीच जास्त होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पुढे पेट्रोल वाचवण्यासाठी हिची ताकद सत्तावीसपर्यंत उतरवली गेली. तरीही आपल्या मध्यमवर्गाला ती परवडली नाही. पेट्रोल फार पिते, सुटे भाग महाग आणि वेगाच्या मानाने ब्रेक दुबळे, असा तिचा लौकिक झाला, आणि १९९० च्या आसपास ती बंद झाली. आज तिच्यासाठी लोक वेडे होतात. हयातीत उपेक्षा आणि मागाहून पालखी, हा अनुभव आम्हा लेखकांना नवा नाही.

पहिले काही महिने या मुलाने काहीच दुरुस्त केले नाही, फक्त उकलले. दोन्ही पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरून बसले होते. हातोडा न घालता त्याने प्लगच्या भोकांतून डिझेल आणि तेल ओतले आणि अकरा दिवस वाट पाहिली. सुटलेला प्रत्येक भाग एकेका पिशवीत गेला. पिशवीवर आकडा, आणि दोनशे पानी वहीत त्या आकड्यापुढे टिपण : भाग कुठला, कोणत्या अवस्थेत मिळाला, कोणत्या बाजूने झिजला होता. शाळेत याचा शुद्धलेखनाचा कंटाळा जगजाहीर होता. ही वही मात्र मी मुलांना दाखवावी अशी आहे.

ती वही वाचताना मला प्रथम जाणवले, की हे दुरुस्तीचे काम नसून वाचनाचे काम आहे. उदाहरण देतो. डाव्या पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आणि करपल्याचा डाग होता. उजवा पिस्टन त्यामानाने स्वच्छ होता. यावरून तो मागे मागे शोधत गेला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँकच्या पेटीतून वर जाते, म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. क्रँकच्या डाव्या टोकाचे रबरी सील वाळून कडक झाले होते. त्या फटीतून जादा हवा आत ओढली गेली, मिश्रण पातळ झाले, पातळ मिश्रणाने इंजिन वाजवीपेक्षा तापले, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरून बसला. घरात मात्र, पेट्रोल परवडेना म्हणून बाबांनी गाडी उभी केली, असे सांगितले जात असे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. सील बदलायला पैसे नव्हते, हे सांगण्यापेक्षा पेट्रोल महाग झाले हे सांगणे त्या माणसाला सोपे गेले असेल. करपलेल्या धातूवरून एका माणसाची अबोल अडचण वाचता येते. याहून अधिक आमची समीक्षा काय करते?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उकलून झाल्यावर जोडायचे कसे? जुने होते तसे, की आज अधिक चांगले करता येते तसे? गाड्यांच्या जगात यावरून दोन तट आहेत. एक जीर्णोद्धारवाल्यांचा, दुसरा सुधारणावाल्यांचा. दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. हा वाद ग्रंथांच्या जगाला ठाऊक असलेलाच आहे, आणि महाराष्ट्राने तर तो दोनदा फार मोठ्या पातळीवर हाताळला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ काढले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असे बजावले. एकनाथ स्वतः थोर कवी होते. सुधारण्याची ताकद ज्याच्या अंगी सर्वांत जास्त, त्यानेच हात आवरला. दुसरे उदाहरण याच पुण्यातले. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. सुकथनकरांनी तिला जी शिस्त लावली, तिच्यातला एक भाग मला नेहमी मोठा वाटत आला आहे. मूळ नव्हे म्हणून जे श्लोक वगळले, ते त्यांनी फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते छापले. वाचकाला संपादकाचा निर्णय नापसंत असेल, तर त्याला स्वतःचा निर्णय करता यावा, म्हणून.

या कसोट्या लावून मी या फटफटीतले बदल पाहू लागलो, तेव्हा त्यांचे तीन वर्ग पडले.

पहिला वर्ग निव्वळ अक्षरशुद्धीचा. वाळलेली सीले बदलली. नाना पेठेतल्या एका लेथवाल्याकडून सिलिंडर पाव मिलिमीटरने रुंद करून त्या मापाचे पिस्टन बसवले. कार्ब्युरेटर धुतले, टाकीतला गंज काढला. याला कोणी मोडतोड म्हणणार नाही. लेखनिकाची चूक दुरुस्त करण्यासारखेच हे काम आहे. मात्र इथेही वहीत नोंद आहेच.

दुसरा वर्ग पाठ निवडण्याचा, आणि खरी गंमत इथे आहे. परदेशात विकल्या गेलेल्या आर. डी.ला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडच्या राजदूतला खर्च वाचवण्यासाठी ड्रम ब्रेक दिला गेला. म्हणजे आपली गाडी ही एका परकीय ग्रंथाचे संक्षिप्त भाषांतर होती, आणि संक्षेप करताना नेमके महत्त्वाचे कलम गळले होते. मग आज डिस्क ब्रेक बसवणे हा प्रक्षेप म्हणायचा, की गळलेला पाठ परत आणणे? मी दुसऱ्या मताचा होतो. मी त्याला सुकथनकरांपासून सगळे ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, “सर, ती जपानची गाडी. बाबांनी चालवली ती ही.”

या उत्तराने मी निरुत्तर झालो, पण माझे समाधान झाले नाही, आणि अजूनही झालेले नाही. चुकीच्या पाठामुळे वाचक मरत नाही, दुबळ्या ब्रेकमुळे माणूस मरतो. यंत्राच्या आणि ग्रंथाच्या चिकित्सेतला हा फरक विसरणारा टीकाकार घरी बसून बोलणारा टीकाकार होय. अखेर त्याने ड्रम लेथवर एकसारखा करून घेतला, नवे लायनर आणि नवी केबल घातली, आणि वहीत लिहिले : ‘साठच्या वर नेऊ नये.’ ही तळटीप मला पटते. मूळ पाठ ठेवायचा, तर त्याच्या मर्यादेचीही जबाबदारी उचलली पाहिजे.

तिसरा वर्ग उघड प्रक्षेपाचा. या गाड्यांचे शौकीन तिचे मूळ सायलेन्सर काढून फुगीर पोटाची नळकांडी बसवतात. त्यांना एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. त्यांची युक्ती विलक्षण आहे. धुराबरोबर थोडे न जळलेले मिश्रणही सिलिंडरमधून निसटते. नळकांडे पुढे रुंद होते तिथून परतणारी लाट धूर बाहेर ओढते, आणि पुढे ते चिंचोळे होते तिथून परतणारी लाट निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. पण या लाटांची वेळ एका ठराविक गतीलाच जुळते. त्या गतीच्या खाली गाडी मरगळते, वर एकदम उसळते. काही आधुनिक कथा अशा असतात. शेवटच्या पानावर उसळतात, तोवर वाचकाने क्लच दाबून धरायचा.

हौसेने त्यानेही ती नळकांडी मिळवून बसवली. एका संध्याकाळी चौकात गाडी सुरू झाली, तेव्हा गॅलऱ्यांतून सगळे बिऱ्हाडकरू बाहेर आले. कान किटतील असा आवाज. मला वाईट वाटले, आणि त्या वाईट वाटण्यावर मी मनात एक सबंध लेख रचला : आवाज हाच या कृतीचा आत्मा, विधवा पत्नीच्या कानांत जो आवाज वीस वर्षे राहिला, तोच बदलला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईंना मुद्दामच विचारले, “वहिनी, पूर्वीचा आवाज असा नव्हता ना?”

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “वाड्यात आवाज कुठे यायचा? ते बोळाच्या तोंडाशीच इंजिन बंद करायचे नि गाडी ढकलत आणायचे. समोर म्हातारे आजारी होते. उंबऱ्याला चाक आपटलं, की मी पानं घ्यायची.”

रचलेला लेख तिथेच संपला. मूळ पाठ कारखान्यातच असतो, असे जीर्णोद्धारवाले मानतात. मीही तेच मानत होतो. परंतु या घरापुरता मूळ पाठ म्हणजे बंद इंजिन आणि दगडी उंबऱ्यावर चाकाचा एक ठोका. तो कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात छापलेला नाही, आणि कोणत्याही सुट्या भागाने तो परत आणता येणार नाही. आठवड्याभराने ती नळकांडी उतरली. आईचे बोलणे हे त्याचे कारण की बोळात मंद गतीने गाडी ओढत नव्हती हे, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

आणखी एक बदल त्याने केला आणि तो कायम ठेवला. मूळ गाडीत ठिणगी पॉइंटने पडते. पिस्टन शिखराला पोचायला दोन मिलिमीटर उरले असताना ती पडावी लागते, आणि पॉइंट झिजले की हे गणित बिघडते. त्याने तिथे इलेक्ट्रॉनिक जुळणी घातली. वरचे झाकण जुनेच असल्यामुळे हा बदल बाहेरून दिसत नाही. मला वाटले, इथे पकडले! लपवलेला बदल तो हाच. पण झाकण उघडले, तर आतल्या बाजूला पत्र्याची एक पट्टी : बदलल्याची तारीख, आणि ‘मूळ पॉइंट पिशवी ४३ मध्ये’. माळ्यावरच्या एका लाकडी पेटीत त्या सगळ्या पिशव्या आहेत. करपलेला डावा पिस्टनही आहे. भांडारकर संस्थेचे नाव त्याने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले असेल, पण परिशिष्टाचे तत्त्व त्याला न सांगता कळले होते.

रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे १९७४ सालचे पुस्तक पुष्कळांनी वाचले असेल. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचा हँडल सैल झालेला असतो. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती घालून तो घट्ट करता येईल, असे निवेदक सुचवतो, आणि मित्र दुखावतो. एवढ्या उंची गाडीला डब्याचा पत्रा! निवेदकाची बाजू बरोबर आहे. पत्रा कामाचा असला म्हणजे झाले. पण त्या दोघांपुढे नसलेला एक प्रश्न आमच्या या वाड्यात आहे. त्या गाड्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. इथे गाडीचा कर्ता हयात नाही, आणि वारसाला त्याच्या वतीने बोलायचे आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याने आपले शब्द कोणते आणि त्याचे कोणते, हे वेगळे दाखवले पाहिजे.

कायद्यालाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे कलम कडकपणे लावले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळा मान दिला, तोही मूळ रूप राखले असेल तरच. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी असे नियम हवेतच. पण कायदा फक्त मूळ विचारतो, नोंद विचारत नाही. आणि उपेक्षेबद्दल तर तो काहीच विचारत नाही. याच पेठेत फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा वर्षानुवर्षे ढासळत राहिला आणि २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. तिथे स्मारक उभारायचे ठरले आहे. स्मारक हवेच. पण एकही वीट न हलवता नुसते दुर्लक्ष करीत राहणे, हाही मूळ पाठ बदलण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो सर्वांत सोपा आहे.

आता या कृतीतला दोष. टीकाकाराने तो सांगितलाच पाहिजे. टाकी त्याने नव्याने रंगवून घेतली. ती इतकी झळकते, की १९८४ साली कारखान्यातून बाहेर पडतानाही झळकली नसेल. जुन्या टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघे घासून रंग विरलेल्या दोन जागा होत्या. पोती काढली त्या आठवड्यात मी त्या पाहिल्या होत्या. त्या जागा म्हणजे चालवणाऱ्याची सही होती. पिशवीत घालता येईल असा तो भाग नव्हता, म्हणून तो वहीत शिरला नाही आणि नाहीसा झाला. प्रदर्शनांतल्या बहुतेक जुन्या गाड्यांना हाच रोग असतो. नव्याहून नवे करण्याच्या नादात गाडीचे आयुष्यच खरवडून टाकले जाते. मी हे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग वहीच्या शेवटच्या पानावर त्याने त्या दोन जागांचे चित्र काढले, आठवले तसे. चित्र चांगले नाही. पण ते तिथे आहे.

आणि आता माझ्याविषयी. माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी एक सबंध प्रकरण गाळले आणि शेवट बदलला. एका समीक्षकाचा शब्द मला लागला होता. आवृत्तीत याविषयी मी एक ओळही लिहिली नाही. ‘दुसरी आवृत्ती’ एवढेच छापले, जणू आत तेच पुस्तक आहे. पुढे एका वाचकाचे पत्र आले. म्हातारी गाय विकते ते प्रकरण माझ्या प्रतीत नाही, बांधणीत पाने गळली असावीत, दुसरी प्रत मिळेल का, असे त्याने विचारले होते. मी त्याला उत्तर दिले नाही. बदल करण्याचा मला हक्क होता, असे मी आजही म्हणेन. झाकणाच्या आत पट्टी लावायची मात्र मी टाळले. पिशवी ४३ माझ्याकडे नाही. ते प्रकरण मी जपून ठेवलेले नाही.

कोणत्याही जुन्या कृतीला हात लावणाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे, मग ती कृती फटफटी असो, ग्रंथ असो की स्वतःचेच पुस्तक असो. आधी उकलून वाचावी. बदलण्यावाचून गत्यंतर नसेल तर बदलावी, मनापासून वाटले तरीही बदलावी. पण बदलले ते लिहून ठेवावे आणि काढले ते जपून ठेवावे. मूळ पाठ कोणता, हा प्रश्न कदाचित सुटणार नाही. आपण कुठे हात घातला, हे सांगणे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

प्रकाशकांना मी पत्र लिहिले आहे. तिसरी आवृत्ती निघालीच, तर गाळलेले प्रकरण परिशिष्टात यावे, असे त्यात म्हटले आहे. पहिल्या आवृत्तीची प्रत माझ्याकडे उरलेली नाही, म्हणून ज्या वाचकाला उत्तर दिले नव्हते त्याचा पत्ता मी शोधतो आहे. त्याने ते प्रकरण कुठल्या तरी प्रतीत वाचले होते, हे निश्चित.